सिग्नलला नाव देताना काय जपावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाने मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड काढायला घेतलाय. स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या आराखड्यात) त्याने '+३.३व्ही', '/रीसेट', 'डेटा आउट', 'यूएसबी डी+' अशी नावं दिली. ले-आउट करणाऱ्या, म्हणजे बोर्डावरचं तांबं आखणाऱ्या, सहकाऱ्याने नेटलिस्ट (कोणत्या पिना कशाला जोडल्यात याची यादी) दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेव्हा काही नावं बदललेली दिसली, एक नाव सॉफ्टवेअरने घेतलंच नाही, आणि दोन वेगळी नेट्स (एकमेकांना जोडलेल्या पिनांचे गट) एक झाली होती. नावात कोणती चिन्हं चालतात याचा काही नियम आहे का, आणि ले-आउट अर्धा झालेला असताना आता नावं बदलावीत का, असं त्याला विचारायचं आहे.

चिन्हांपुरतं उत्तर लहान आहे, ते आधी देतो. रोमन कॅपिटल अक्षरं, शून्य ते नऊ हे आकडे आणि अंडरस्कोर, एवढ्यातच नाव बसवा. सुरुवात अक्षराने करा. शेवटी अंडरस्कोर नको आणि लागोपाठ दोन अंडरस्कोर नकोत. एवढं पाळलंत तर नाव जवळजवळ कुठल्याही सॉफ्टवेअरमधून जसंच्या तसं पार होतं. (या उत्तरात मी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. स्किमॅटिकवर ती रोमन कॅपिटलमध्ये आहेत असं समजून वाचा.)

पण तुमच्या प्रश्नातली मला खरी काळजी वाटली ती एका गोष्टीची: दोन नेट्स एक झाली. नाव नाकारलं गेलं तर सॉफ्टवेअर तक्रार करतं, तुम्ही दुरुस्ती करता, विषय संपतो. दोन नेट्स एक झाली तर कोणी काही बोलत नाही आणि बोर्ड तसाच बनून येतो.

स्किमॅटिकमध्ये दोन पिना जोडायचे मार्ग दोन. मधे रेघ ओढा, नाहीतर दोन्हीकडे एकच लेबल लावा. सॉफ्टवेअरच्या लेखी दोन्ही सारखंच. म्हणजे लेबल लिहिणं ही तार टाकणंच आहे, आणि नावातली चूक ही वायरिंगची चूक असते. ती दोन तऱ्हांनी होते. जिथे एक नाव हवं तिथे दोन पडली, एका शीटवर 'रीसेट' आणि दुसरीवर 'आरएसटी', तर जोड तुटते. जिथे दोन नावं हवी होती तिथे एकच पडलं, तर शॉर्ट होतो. तुटलेली जोड बहुधा सापडते, कारण ज्या नेटवर एकच पिन आहे ते विद्युत नियम तपासणीत, म्हणजे ईआरसीमध्ये, उघडं पडतं. शॉर्ट मात्र तिथून सहज निसटतो. एकच नाव दोन ठिकाणी आहे म्हणजे तुम्हाला ते जोडायचंच होतं, असं सॉफ्टवेअर धरून चालतं.

म्हणून मी नाव निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: इथे चूक झालीच तर जोड तुटेल की शॉर्ट होईल? जोड तुटेल अशा बाजूला नाव झुकवायचं. पुढचं सगळं या एका विचारातून आलंय.

सर्वांत साधं उदाहरण घ्या. मायक्रोकंट्रोलरमधून क्लॉक निघतो, वाटेत २२ ओहमचा सीरीज रेझिस्टर आहे, पुढे तो मेमरीला जातो. स्किमॅटिक काढणाऱ्याच्या डोक्यात हा एकच सिग्नल असतो, म्हणून तो रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंना 'सीएलके' लिहितो. झालं, रेझिस्टरच्या दोन्ही पिना एकाच नेटवर आल्या. बोर्डावर रेझिस्टर लागेल, पण त्याच्या खालून तांब्याने त्याला वळसा घातलेला असेल. अनेक सॉफ्टवेअर याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, कारण एका भागाच्या दोन पिना एकाच नेटवर असणं हा गुन्हा नाही. रेझिस्टर, फेराइट बीड, फ्यूज, करंट मोजायचा शंट, यांतल्या कशाच्याही पलीकडे गेलं की नाव बदललंच पाहिजे. मी उगमाकडच्या बाजूला 'सीएलके_एमसीयू' आणि पलीकडे 'सीएलके_मेम' असं लिहितो. फ्यूजच्या बाबतीत 'व्हीबॅट_रॉ' आणि 'व्हीबॅट_फ्यूज्ड'. नुसतं 'व्हीबॅट' हे नाव मी अशा बोर्डावर ठेवतच नाही. ते नसलं की कोणी घाईत सवयीने 'व्हीबॅट' लिहिलं तर ते कशालाच जोडलं जात नाही आणि ईआरसीमध्ये लगेच दिसतं.

हाच प्रकार ग्राउंडच्या बाबतीत झाला तर जिवावर बेतू शकतं. आयसोलेटेड सप्लाय, म्हणजे दोन बाजूंमध्ये तारेची थेट जोड नसलेला सप्लाय, घ्या: प्राथमिक बाजूला मेन्सचा (भिंतीतल्या विजेचा) संबंध आहे, दुय्यम बाजूला माणूस हात लावू शकतो, आणि मधे ट्रान्सफॉर्मर व ऑप्टोकपलर आहेत. दोन्ही बाजूंना सवयीने ग्राउंडचं तेच चिन्ह ठेवलं, दोन्हींचं नाव 'जीएनडी' राहिलं, की आयसोलेशन कागदावरच संपलं. ले-आउटमध्ये ग्राउंडचा पोर, म्हणजे रिकाम्या जागेत तांब्याचा सलग थर, टाकला की तांबं थेट त्या अडथळ्यावरून पसरतं. ईआरसी स्वच्छ, डीआरसी (ले-आउटच्या नियमांची तपासणी) स्वच्छ. तपासणीसाठी आलेल्या एका बोर्डाच्या स्किमॅटिकमध्ये मी हे पाहिलंय. तिथे दुय्यम बाजूला वेगळ्या आकाराचं, त्रिकोणी चिन्ह होतं, म्हणून काढणाऱ्याला वाटलं की ग्राउंड वेगळं झालं. चिन्हाचा आकार आणि नेटचं नाव या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या गोष्टी असतात. आकार बदलला तरी खालचं नाव तेच राहतं. त्यामुळे आयसोलेशन असलेल्या बोर्डावर माझा नियम कडक आहे: नुसतं 'जीएनडी' हे नाव त्या स्किमॅटिकमध्ये कुठेच असणार नाही. 'जीएनडी_प्राय' आणि 'जीएनडी_सेक', बस. लायब्ररीतून एखाद्या भागासोबत चुकून आलेलं 'जीएनडी' मग एकटं पडतं आणि पकडलं जातं. सिम्युलेशन करणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये शून्य क्रमांकाचा नोड म्हणजे ग्राउंड, आणि एलटीस्पाइस, एनजीस्पाइस यांसारखे सिम्युलेटर 'जीएनडी' या नावालाही तोच नोड समजतात.

सप्लायच्या रेलांचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या नेट्सचं, दुखणं थोडं निराळं आहे. 'व्हीसीसी' हे नाव मी वापरत नाही, आणि तुम्हीही टाळा. ते किती व्होल्टचं आहे हे त्यातून कळत नाही, आणि प्रत्येकाच्या जुन्या शीटमध्ये ते असतंच. ५ व्होल्टच्या जुन्या प्रोजेक्टमधली एक शीट कॉपी करून ३.३ व्होल्टच्या प्रोजेक्टमध्ये टाकली, दोन्हीकडे 'व्हीसीसी', आणि रेल एकमेकांना भिडल्या. ७४ मालिकेच्या जुन्या लॉजिक चिन्हांमध्ये तर सप्लायच्या पिना लपवलेल्या असतात आणि त्या 'व्हीसीसी' नावाच्या नेटला आपोआप जाऊन जोडल्या जातात. तुमच्या रेलचं नाव दुसरं असेल तर त्या पिना लोंबकळत राहतात, आणि 'व्हीसीसी' असेल तर तुमच्या नकळत जोडल्या जातात. नव्या स्किमॅटिकमध्ये लपलेल्या पिना असलेलं चिन्ह दिसलं तर मी ते आधी उघडं करून घेतो.

रेलचं नाव व्होल्टेजवरून ठेवायचं की कामावरून, हे परिस्थितीवर आहे. लहान बोर्डावर व्होल्टेज पुरेसं असतं: 'पी३व्ही३', 'पी५व्ही०', ऋण रेलसाठी 'एन१२व्ही०'. आधीचा 'पी' किंवा 'एन' अधिक-उणे चिन्हाची जागा घेतो, आणि नाव अक्षराने सुरू होतं. दशांश चिन्हाच्या जागी 'व्ही' लिहायची ही रीत रेझिस्टरच्या '४के७' सारख्या संकेतांशी नातं सांगणारी आहे. ती पद्धत आयईसी ६००६२ या मानकात आहे. कारण अगदी व्यवहारी आहे: प्रिंटमध्ये टिंब उडालं की ३.३ चे ३३ होतात. पण एकाच व्होल्टेजच्या दोन रेल असतील, एक यूएसबीकडून आलेली ५ व्होल्ट आणि एक रेग्युलेटरमधून निघालेली ५ व्होल्ट, तर उगम नावात यायलाच हवा: 'पी५व्ही०_यूएसबी' आणि 'पी५व्ही०_रेग'. आणि प्रोसेसरच्या कोअरसारखी, पुढे ज्याचं व्होल्टेज बदलू शकतं अशी रेल असेल तर कामावरून नाव ठेवा, 'व्हीडीडी_कोअर'. नाहीतर पुढच्या आवृत्तीत 'पी१व्ही२' नावाच्या रेलवर १.१ व्होल्ट असतात आणि वर्षभराने बोर्ड दुरुस्त करणारा माणूस चांगला रेग्युलेटर काढून टाकतो.

बसच्या, म्हणजे एकत्र काढलेल्या सिग्नलांच्या गटाच्या, नावांत एक सापळा आहे, जो फार कमी जणांना ठाऊक असतो. समजा तुमच्याकडे 'एडीसी[०..१५]' अशी बस आहे. सॉफ्टवेअर ती उलगडून 'एडीसी०' पासून 'एडीसी१५' पर्यंत नेट्स बनवतं. आता दुसऱ्या कोणी, दुसऱ्या शीटवर, पहिल्या एडीसी चिपचे चार चॅनल म्हणून 'एडीसी१[०..३]' अशी बस काढली. ती उलगडली की काय होतं? 'एडीसी१' च्या मागे शून्य ते तीन लागतात, म्हणजे 'एडीसी१०', 'एडीसी११', 'एडीसी१२', 'एडीसी१३'. ही नावं आधीच्या बसमध्ये आहेतच. दोन्ही बस ग्लोबल (सगळ्या शीटवर एकच धरल्या जाणाऱ्या) असतील तर चार सिग्नल शांतपणे एकमेकांना जोडले गेले. बसच्या मूळ नावाचा शेवट कधीही आकड्याने करू नका. मधे अंडरस्कोर घातला, 'एडीसी१_[०..३]', की प्रश्नच उरत नाही.

आता तुम्ही विचारलेल्या चिन्हांकडे येतो. ती का नकोत हे कळलं तर यादी पाठ करावी लागत नाही. तुम्ही दिलेलं नाव स्किमॅटिकमध्ये थांबत नाही. ते नेटलिस्टमध्ये जातं, ले-आउटच्या नियमांमध्ये जातं, सिम्युलेटरमध्ये, एफपीजीएच्या (हवं तसं लॉजिक भरता येणाऱ्या चिपच्या) पिन फाइलमध्ये, फर्मवेअरच्या हेडरमध्ये, टेस्ट जिगच्या फाइलमध्ये आणि कोणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये जातं. प्रत्येक ठिकाणी काही चिन्हांना स्वतःचा अर्थ असतो.

तिरकी रेघ कीकॅड या बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शीटची उतरंड दाखवते, आणि नेटचं पूर्ण नाव शीटच्या नावासकट तिरक्या रेघा घालून बनतं. तुमचं '/रीसेट' तिथे अडखळलं असणार. तारा (*) आणि प्रश्नचिन्ह हे शोधाच्या पॅटर्नमध्ये 'काहीही चालेल' या अर्थाने वापरतात. 'एएस*' असं नाव असलेल्या सिग्नलसाठी ले-आउटचा नियम लिहिला, तर तो 'एएस' ने सुरू होणाऱ्या प्रत्येक सिग्नलला लागू शकतो. अधिक-उणे चिन्हं सिम्युलेटरच्या सूत्रात बेरीज-वजाबाकी होतात. एक्सेलमध्ये '+व्हीबॅट' ने सुरू होणारी सीएसव्ही उघडली की ते सूत्र समजलं जातं आणि नावाच्या जागी एरर दिसतो. एक्सेलचं आणखी एक: डीकोडरच्या आउटपुटला 'डीईसी१' म्हणालात तर ती डिसेंबरची तारीख होते. हा त्रास किरकोळ समजू नका. एक्सेल तारखा बनवतं म्हणून मानवी जनुकांच्या नामकरण समितीला २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलावी लागली, आणि त्यात याच तीन अक्षरांचं 'डीईसी१' सुद्धा होतं.

मोकळी जागा तर अजिबात नको. कीकॅडमध्ये महिरपी कंसातल्या बसच्या गटात मोकळी जागा म्हणजे दोन सिग्नलांमधली सीमा असते, आणि बऱ्याच साध्या नेटलिस्टमध्येही तसंच असतं. शिवाय नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसतच नाही. दोन लेबलं हुबेहूब सारखी दिसतात आणि जोडली जात नाहीत. डेटाशीटच्या पीडीएफमधून नाव कॉपी-पेस्ट केलं की असले अदृश्य पाहुणे हमखास येतात: न तुटणारी स्पेस, साध्या हायफनऐवजी लांब डॅश. म्हणून नाव नेहमी हाताने टाइप करा. म्यू आणि ओहमची चिन्हंही टाळा, कारण युनिकोडमध्ये म्यू दोन जागी आहे, एकदा सूक्ष्मतेचं चिन्ह म्हणून आणि एकदा ग्रीक अक्षर म्हणून. दिसायला एक, संगणकाला दोन. ओहमचंही तसंच. मराठीत टीपा लिहायच्या असतील तर शीटवर मोकळ्या मजकुरात जरूर लिहा, मीही लिहितो. लेबलमध्ये मात्र नकोत.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक कधी करू नका. कीकॅडमध्ये स्मॉल लिपीतलं 'सीएलके' आणि कॅपिटलमधलं 'सीएलके' ही दोन वेगळी नेट्स आहेत. स्पाइस आणि व्हीएचडीएल (एफपीजीएचं लॉजिक लिहायची भाषा) यांना ती एकच वाटतात. काही साखळ्यांमध्ये नेटलिस्ट बाहेर पडताना सगळी नावं कॅपिटल होतात. तुमची दोन नेट्स एक झाली त्याचं कारण मला इथे असण्याची दाट शक्यता वाटते. एका बाजूला 'व्हीबॅट' सगळी कॅपिटल आणि दुसरीकडे मिश्र लिपीत असं काही आहे का, ते आधी बघा. दुसरी शक्यता लांबलचक नावांची. काही जुने फॉरमॅट ठरावीक अक्षरांपुढचं शेपूट कापतात. 'सेन्सर_इंटरफेस_बोर्ड_टेंपरेचर_इन' आणि '..._आउट' अशी नावं असतील, तर कापल्यावर दोन्ही सारखीच उरतात. नाव आटोपशीर ठेवा, आणि वेगळेपण सांगणारा भाग शक्यतो पुढे आणा.

'/रीसेट' मागचा हेतू, म्हणजे हा सिग्नल लो असताना काम करतो हे दाखवणं, अगदी योग्य आहे. ते नावात दिसलंच पाहिजे. अडचण एवढीच की त्याच्या रीती भाराभर आहेत. डेटाशीटमध्ये नावावर आडवी रेघ असते. पीसीआय बसमध्ये शेवटी हॅश असतो. व्हीएमई बसमध्ये तारा. आर्मच्या अँबा मानकात स्मॉल 'एन'. वरची रेघ कागदावर सुंदर दिसते, पण ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये निराळ्या चिन्हाने काढली जाते: कीकॅडमध्ये टिल्ड आणि महिरपी कंस, अल्टियममध्ये प्रत्येक अक्षरामागे उलटी तिरकी रेघ, ईगलमध्ये उद्गारचिन्ह. नेटलिस्टमध्ये ही सगळी चिन्हं कच्च्या रूपात उतरतात किंवा गळून पडतात. गळून पडली तर पोलॅरिटीची माहितीच गेली. मी शेवटी '_एन' लावतो: 'रीसेट_एन', 'सीएस_एन'. तुमच्या गटात '_एल' किंवा '_बी' चालत असेल तर तेही ठीक. काय निवडता यापेक्षा सगळ्या बोर्डांवर एकच असणं महत्त्वाचं आहे.

'_एन' निवडताना मात्र एक गुंता सोडवावा लागतो. डिफरेन्शियल जोडीतला (एकच सिग्नल सुलट आणि उलट नेणाऱ्या दोन तारांतला) ऋण सिग्नलही '_एन' च असतो, आणि ले-आउटची सॉफ्टवेअर जोड्या ओळखतात त्याही '_पी' आणि '_एन' या शेपटांवरून. मेन्सच्या बाजूला 'एसी_एन' म्हणजे न्यूट्रल. 'एल' चंही तसंच: लो, लाइव्ह, आणि ऑडिओत लेफ्ट. माझी वाट अशी: जोडी असेल तर 'पी' आणि 'एन' दोन्ही नावं त्याच शीटवर शेजारीशेजारी असली पाहिजेत, 'यूएसबी_डी_पी' आणि 'यूएसबी_डी_एन'. ज्या 'एन' ला जोडीदार 'पी' नाही तो लो-सक्रिय. आणि मेन्ससाठी एका अक्षरावर कधीच विसंबत नाही; तिथे 'मेन्स_लाइन' आणि 'मेन्स_न्यूट' असं पूर्ण लिहितो. आरएस-४८५ या सीरिअल जोडणीच्या 'ए' आणि 'बी' तारांवरही विसंबू नका. वेगवेगळ्या उत्पादकांनी ती अक्षरं उलटसुलट वापरली आहेत, त्यामुळे तिथे 'आरएस४८५_पी' आणि 'आरएस४८५_एन' लिहून धन-ऋण स्पष्ट करणंच बरं.

लो-सक्रिय सिग्नलबद्दल एक आणखी. वाटेत ट्रान्झिस्टर किंवा इन्व्हर्टर आला की सिग्नल उलटतो, तेव्हा नावही उलटलं पाहिजे. मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला 'रिले_ऑन', ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर 'रिले_कॉइल_एन'. आणि नाव नेहमी सक्रिय असताना काय घडतं ते सांगणारं ठेवा. 'रीड/राइट' सारखा सिग्नल असेल, हाय असताना वाचन आणि लो असताना लेखन, तर 'आरडी_डब्ल्यूआर_एन' असं लिहिलं की दोन्ही अवस्था नावातूनच वाचता येतात.

सीरिअल पोर्टच्या 'टीएक्स' आणि 'आरएक्स' ने जितक्या बोर्डांवरचे ट्रॅक कापायला लावले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कशाने. कारण ही नावं कोणाच्या नजरेतून आहेत हे त्यांच्यात नाही. मायक्रोकंट्रोलरचा 'टीएक्स' हा जीपीएस मॉड्यूलचा 'आरएक्स' असतो. दोन्हीकडे 'जीपीएस_टीएक्स' लिहिलं की कोणाला वाटतं जीपीएस पाठवतोय, कोणाला वाटतं जीपीएसकडे पाठवायचंय, आणि दोन आउटपुट एकमेकांसमोर उभे राहतात. मी दिशा सरळ नावात घालतो: 'एमसीयू_टू_जीपीएस' आणि 'जीपीएस_टू_एमसीयू'. आता कोणत्याही टोकाला उभं राहून वाचा, अर्थ बदलत नाही. एसपीआय बसच्या 'एमओएसआय' (मास्टर आउट, स्लेव्ह इन) किंवा अलीकडच्या 'सीओपीआय' या नावांची खुबी तीच आहे. लेव्हल शिफ्टर (वेगळ्या व्होल्टेजच्या दोन बाजू जोडणारा भाग) असेल तर दोन्ही बाजूंच्या नावात व्होल्टेजही घाला, 'एसडीए_३व्ही३' आणि 'एसडीए_५व्ही०'. तिथे दोन्हीकडे नुसतं 'एसडीए' राहिलं तर शिफ्टरच्या दोन बाजू एक होतात, आणि ५ व्होल्टचे पुल-अप रेझिस्टर थेट ३.३ व्होल्टच्या पिनेवर येतात.

फर्मवेअर लिहिणाऱ्यांचाही विचार करा, कारण पिनांची नावं बहुतेकदा स्किमॅटिकवरूनच त्यांच्या हेडरमध्ये जातात. '३व्ही३_पीजी' हे सीमध्ये चालत नाही, नाव आकड्याने सुरू होतं, 'पीजी_३व्ही३' चालतं. बटणाला 'बी१' म्हणालात तर आर्डुइनोमध्ये गोंधळ होऊ शकतो, कारण तिथे 'बी०', 'बी१' ही द्विमान संख्यांसाठी आधीच ठरवलेली नावं आहेत. 'बीटीएन_१' लिहा. एफपीजीए असेल तर 'इन', 'आउट', 'बस', 'ओपन', 'रेंज' हे व्हीएचडीएलचे राखीव शब्द आहेत, एकटे वापरू नका. दोन अंडरस्कोर लागोपाठ नकोत आणि शेवटी अंडरस्कोर नको, हे मी वर सांगितलं तेही व्हीएचडीएलमुळेच.

प्रत्येक नेटला नाव द्यायलाच हवं असं नाही. रेझिस्टर आणि एलईडीमधला तुकडा बिनधास्त सॉफ्टवेअरवर सोडा. फक्त सॉफ्टवेअरने दिलेलं नाव भागाच्या क्रमांकावरून आणि पिनेवरून बनतं, त्यामुळे भागांचे क्रमांक पुन्हा टाकले की तेही बदलतं. ज्या नेटवर काही नियम आहे, क्लॉक, जास्त करंट, जास्त व्होल्टेज, डिफरेन्शियल जोडी, टेस्ट पॉइंट, त्याला नाव हवंच. नाहीतर नियम गळून पडतो आणि कळतही नाही. इथे नावाची पुढची अक्षरं कामाला येतात. मेन्सशी संबंधित प्रत्येक नेट 'एचव्ही_' ने सुरू होत असेल तर क्लिअरन्सचा, म्हणजे किमान अंतराचा, एकच नियम सगळ्यांना धरतो, 'एचव्ही_मेन्स_लाइन' पासून रिलेच्या संपर्कापर्यंत. उद्या कोणी नवं नेट घातलं आणि पुढे 'एचव्ही_' लावलं, की ते आपोआप त्या नियमात येतं.

ग्लोबल लेबलांबद्दल माझं मत ठाम आहे: सप्लाय आणि ग्राउंड सोडून ती वापरू नका. शीटच्या बाहेर सिग्नल न्यायचा असेल तर हायरार्किकल पोर्ट, म्हणजे शीटच्या कडेला ठेवलेला जोडबिंदू, वापरा. मग शीटच्या आत 'टीएक्स' सारखं लहान नाव असलं तरी ते त्या शीटपुरतंच राहतं, आणि तीच शीट दोनदा वापरली तरी दोन चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत.

आता यातलं काय तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे? तुमच्या कंपनीत आधीपासून एखादी पद्धत असेल तर तीच पाळा, मग ती मला आवडणारी असो वा नसो. एका बोर्डावर दोन पद्धती हा सर्वांत वाईट पर्याय. सगळं काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकट्याने होत असेल तर '+५व्ही' लिहून काही बिघडत नाही, कीकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीतही तीच चिन्हं आहेत. तुमचा बोर्ड मात्र दोन सॉफ्टवेअरमधून जातोय, म्हणून तुम्हाला कडक नियमच लागतील.

नेटलिस्ट बाहेर देण्याआधी मी एक तपासणी करतो, ती तुम्ही आजच करा. सगळ्या नेट्सची नावं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढा आणि अकारविल्हे लावा. मग तीच यादी सगळी कॅपिटल करून, अंडरस्कोर आणि इतर चिन्हं काढून पुन्हा एकदा लावा. पहिल्या यादीत वेगळी असलेली दोन नावं दुसरीत सारखी झाली तर तिथे धोका आहे. 'यूएसबी डी+' आणि 'यूएसबी डी-' यांचं नेमकं हेच होतं: चिन्ह गळलं की दोन्ही 'यूएसबीडी'. तुमची एक झालेली नेट्स बहुधा अशाच जोडीत सापडतील. नंतर यादी डोळ्यांखालून घाला आणि एका अक्षराने वेगळी असलेली शेजारची नावं बघा: शून्य आणि ओ, एक आणि आय, 'सेन्स' आणि 'सेन्सर'. शेवटी एकच पिन असलेली नेट्स वेगळी काढा आणि प्रत्येकासाठी कारण द्या.

आणि अर्ध्या झालेल्या ले-आउटचं. सगळी नावं एकदम बदलू नका. नेट्स एक झाली आहेत ती आधी सोडवा, कारण ती चूक तांब्यात उतरते आहे. त्यानंतर ज्या नावांत मोकळी जागा, तिरकी रेघ, अधिक किंवा उणे आहे तेवढीच बदला. प्रत्येक बदलानंतर नेटलिस्ट पुन्हा द्या आणि सहकाऱ्याला त्या नेटच्या ट्रॅकवर नवं नाव उमटलंय का, रुंदीचा नियम अजून लागू आहे का, हे बघायला सांगा. जुनं आणि नवं नाव समोरासमोर लिहिलेला तक्ता स्किमॅटिकच्या पहिल्या शीटवर ठेवा, म्हणजे फर्मवेअरवाल्यांना आणि टेस्ट जिग करणाऱ्यांना तो मागावा लागणार नाही. बाकीची नावं, 'व्हीसीसी' आणि 'टीएक्स' वगैरे, पुढच्या आवृत्तीत ले-आउट सुरू व्हायच्या आधी बदला.